वीज मोजणारी पायथन लायब्ररी: ८ महिन्यांनंतर, आणि त्या २३ मिनिटांबद्दल

टीओडी मीटर (वेळेनुसार वेगळा दर लावणारं वीजमीटर) लागल्यापासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मधल्या युनिटला सवलत आहे, म्हणून वॉशिंग मशीन ९ वाजून गेल्यावरच लावायचं असं घरात ठरलंय. तरी या लायब्ररीच्या, म्हणजे पायथन भाषेतल्या तयार कोडच्या, रिपोर्टमध्ये मशीन सुरू झाल्याची वेळ रोज ८:४२. महिनाभर मी आईच्या मागे लागलो होतो. "अरे, घड्याळ बघूनच लावते मी," ती सांगायची. तिचंच खरं होतं.

बाकी लायब्ररी मनापासून आवडली. वायरभोवती अडकवून वीज मोजणारा क्लॅम्प सेन्सर, रास्पबेरी पाय हा छोटा संगणक, मिनिटाला एक नोंद. आलेख सुरेख येतात आणि वर्गणी नाही. पण वेळेने छळलं.

आधी वाटलं, पायचं घड्याळ मागे पडतंय. नवीन आरटीसी मोड्यूल (वेळ राखणारी घड्याळाची चिप) मागवणारच होतो. पण फरक रोज नेमका २३ मिनिटांचा. मागे पडणारं घड्याळ असं एकाच आकड्यावर थांबत नाही. मग कोड उघडला. नोंद वाचताना पायटीझेड या टाइमझोनच्या लायब्ररीचा 'एशिया/कोलकाता' झोन सरळ टीझेडइन्फोमध्ये, म्हणजे वेळेच्या झोनच्या रकान्यात, टाकलेला! तसं केलं की प्रमाणवेळ लागतच नाही. लागते कोलकात्याची जुनी स्थानिक वेळ, यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) ५ तास ५३ मिनिटं पुढे. आपली प्रमाणवेळ साडेपाच तास पुढे. म्हणून ९:०५ चं मशीन ८:४२ ला. पायटीझेड वापरायचं तर वेळ त्याच्या लोकलाइझ फंक्शनमधून न्यायला हवी, हे त्याच्या माहितीपानावरच लिहिलंय. पायथन ३.९ पासून टाइमझोनसाठी झोनइन्फो सोबतच येतं, त्यात ही भानगडच नाही. मी एक ओळ बदलली आणि मशीन ९:०५ ला आलं.

त्या रात्री दोनच तारे द्यायचे ठरवलं होतं. पण जुना डेटा दुरुस्त करायला बसलो आणि मत बदललं. मूळ नोंदी लायब्ररीने जशाच्या तशा सीएसव्ही फाइलमध्ये ठेवल्या होत्या; त्यावरून सगळं पुन्हा बांधलं, ८ महिन्यांतला एक दिवसही गेला नाही. आता चार तारे.

पाचवा अडवलाय तो रोजच्या बेरजेने. तिचा दिवस यूटीसीने बदलतो, म्हणजे आपल्याकडे पहाटे ५:३० ला. छतावरच्या सोलरचा हिशेब तरीही जुळतो, कारण रात्री निर्मिती शून्य. त्यामुळेच हे इतके दिवस लक्षात आलं नाही. पहाटे ५ चा गीझर मात्र आदल्या दिवसाच्या खात्यावर जातो. सध्या ती बेरीज मी वेगळी करतो, पांडाज या डेटा हाताळणाऱ्या लायब्ररीत, दिवसवार गट पाडणाऱ्या रीसॅम्पलच्या आधी, वेळ आपल्या झोनमध्ये आणणारं टीझेड-कन्व्हर्ट लावून.