लॉगफोरजे २: मॉड्यूलांची वाटणी चोख, नावांत घोळ

अपाचेच्या लॉगफोरजे २ या जावा प्रोग्रॅमचे लॉग (नोंदी) लिहिणाऱ्या लायब्ररीत सगळ्यात उत्तम जमलंय ते एपीआय (तुमचा कोड ज्याला कॉल करतो तो भाग) आणि कोअर (प्रत्यक्ष काम करणारा भाग) वेगळं ठेवणं. तुमच्या कोडला फक्त ‘लॉगफोरजे-एपीआय’ दिसायला हवं; फाइलीत लिहिणं, लेआउट, कॉन्फिगरेशन हे सगळं ‘लॉगफोरजे-कोअर’चं काम. म्हणून मेव्हन या बिल्ड टूलमध्ये एपीआयला कंपाइल आणि कोअरला रनटाइम स्कोप द्या, म्हणजे कोअर कंपाइल करताना दिसणार नाही, फक्त चालवताना मिळेल. मग कुणी चुकून कोअरचा क्लास इम्पोर्ट केला की बिल्डच फुटतो, आणि तो तिथंच फुटलेला बरा. लायब्ररी लिहीत असाल तर कोअर टेस्ट स्कोपपुरताच; लॉग कशानं लिहायचे ते ॲप्लिकेशनवाला ठरवेल. या वाटणीचं मोल डिसेंबर २०२१ मध्ये कळलं. लॉगफोरशेल या सुरक्षा-त्रुटीचं भगदाड कोअरमधल्या जेएनडीआय लुकअपमध्ये (नावावरून बाहेरून वस्तू शोधून आणणाऱ्या सोयीत) होतं, नुसतं एपीआय वापरणाऱ्यांना त्याची झळ बसली नाही.

कोअर घालायचं राहिलं तरी प्रोग्रॅम पडत नाही. एपीआयमधलाच साधा सिंपललॉगर पुढे येतो आणि फक्त एरर व त्याहून गंभीर संदेश कन्सोलवर टाकतो. इन्फोच्या ओळी अचानक नाहीशा झाल्या तर कॉन्फिगरेशनशी झटापट करण्याआधी कोअरची जार (जावाची लायब्ररी-फाइल) आहे का ते बघा.

खटकतात ती ब्रिजांची, म्हणजे एका लॉगिंग एपीआयचे कॉल दुसरीकडे नेणाऱ्या मॉड्यूलांची, नावं. ‘लॉगफोरजे-टू-एसएलएफफोरजे’ हा लॉगफोरजेच्या एपीआयवर आलेले कॉल एसएलएफफोरजे या दुसऱ्या लॉगिंग एपीआयकडे धाडतो, तर ‘लॉगफोरजे-एसएलएफफोरजे२-इम्पल’ बरोबर उलट दिशेनं. दोन्ही एकत्र आले की कॉल गोल गोल फिरणार, म्हणून सुरुवातीलाच एक्सेप्शन येतं. स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कमध्ये हे हमखास होतं, कारण ‘स्प्रिंग-बूट-स्टार्टर-लॉगिंग’ हा स्टार्टर (डिपेंडन्सींचा तयार संच) पहिला ब्रिज आपोआप आणतो. तो स्टार्टर काढून ‘स्प्रिंग-बूट-स्टार्टर-लॉगफोरजे२’ घाला. एका ठिकाणी एक्स्क्लूड करून भागत नाही, दुसरा एखादा स्टार्टर तो पुन्हा ओढून आणतो; मेव्हनचं ‘डिपेंडन्सी:ट्री’ चालवून खात्री करा.

‘एसएलएफफोरजे२-इम्पल’ या नावातल्या २ कडेही नीट बघा. एसएलएफफोरजे १.७ ला २ नसलेला ‘इम्पल’ लागतो, २.० ला २ असलेला. २.० जावाच्या सर्व्हिसलोडरनं प्रोव्हायडर (प्रत्यक्ष लॉग लिहिणारं मॉड्यूल) शोधतं, १.७ ची जुनी स्टॅटिक बाइंडरची पद्धत वापरतच नाही. त्यामुळे चुकीची जार असली तर प्रोव्हायडर सापडला नाही अशी सूचना येते आणि लॉग बंद. व्हर्जन मात्र बॉमवर (मॉड्यूलांच्या जुळणाऱ्या व्हर्जनांच्या यादीवर) सोडा. ‘लॉगफोरजे-बॉम’ इम्पोर्ट केला की सगळी मॉड्यूलं एकाच व्हर्जनवर राहतात.

फॅट जार, म्हणजे सगळ्या लायब्रऱ्या एकत्र कोंबलेली एकच जार, बनवताना आणखी एक खड्डा आहे. प्रत्येक मॉड्यूलची प्लगइन-यादी ‘लॉगफोरजे२प्लगइन्स.डॅट’ या एकाच नावाच्या फाइलीत असते. अशी जार बनवणाऱ्या मेव्हनच्या शेड प्लगइननं एकीवर दुसरी लिहिली की पॅटर्नमधला साधा तारखेचा ‘%डी’सुद्धा ओळखला जात नाही आणि लॉगफोरजेचा स्वतःच्या अडचणी सांगणारा स्टेटसलॉगर तक्रार करतो. त्यासाठी या याद्या एकत्र करणारा लॉगफोरजेचा प्लगइन-कॅशे ट्रान्सफॉर्मर शेडमध्ये जोडावा लागतो. इतकं नेहमी लागणारं काम ट्रान्सफॉर्मर न जोडता व्हायला हवं होतं.