पग की लॅब? विकतचं दुखणं घ्यायचंच तर कुठलं

पहिलाच कुत्रा घ्यायचाय, फ्लॅट दोन बीएचके, दोघंही नोकरीला, घरात एक शाळकरी पोरगं. अशा घरातली चर्चा फिरून फिरून पग की लॅब (म्हणजे लॅब्रॅडोर) इथंच येऊन थांबते आणि मग आकार, स्वभाव, केस यावरनं भांडणं सुरू होतात. स्वभावाचं मी सांगत बसत नाही, दोघंही लाघवी, दोघंही पोरांना सांभाळून घेतात, आणि केस तर दोघांचेही एवढे गळतात की घरात काळी पँट घालायची सोय राहत नाही (हो, पगचेही, आखूड केस म्हणजे कमी गळणार असं काही नसतं). खरा फरक आजारपणात आहे आणि त्याबद्दल पिल्लू विकणारा तर बोलणार नाहीच, घेणारे पण विचारत नाहीत.

माझं मत आधीच सांगून टाकते. दुखणी दोन्ही जातींना आहेत, पण लॅबची बरीचशी दुखणी मालकाच्या हातात असतात, म्हणजे किती खायला घालता आणि कुठून पिल्लू आणता यावर. पगचं मुख्य दुखणं त्याच्या तोंडाच्या ठेवणीतच आहे, तिथे तुमच्या हातात फार थोडं उरतं.

आधी आयुष्याचं बघू कारण सगळे तेच पहिलं विचारतात. आपल्याकडचे असे मोठे आकडे माझ्या बघण्यात नाहीत, म्हणून ब्रिटनमधले सांगते. तिथे २०२२ मध्ये तीस हजारांवर कुत्र्यांच्या मृत्यूच्या नोंदी बघून जातीवार आयुर्मान काढलं, त्यात लॅब आला ११.७७ वर्षं आणि पग ७.६५. हा पगचा आकडा बघून घाबरून जाऊ नका, तिथे पगची फॅशन अलीकडची, त्यामुळे त्यांच्यात तरुण कुत्रेच जास्त, आणि तरुण कुत्र्यांचे मृत्यू जास्त मोजले गेले की सरासरी खाली ओढली जाते. मग २०२४ मध्ये जवळपास पाच लाख चौऱ्याऐंशी हजार कुत्र्यांचा अजून मोठा अभ्यास आला, त्यात लॅब १३.१ आणि पग ११.६. पद्धत वेगळी म्हणून आकडे वेगळे, पण दोन्हीकडे लॅब वर आणि पग खाली. आता यातली गोम बघा, कुत्र्यांमध्ये साधारणपणे छोट्या जाती जास्त जगतात आणि मोठ्या लवकर जातात. सात-आठ किलोचा पग तीस किलोच्या लॅबला सहज मागे टाकायला हवा होता, आणि होतंय उलटं.

कारण नाक. माणसाने पिढ्यानपिढ्या निवडून निवडून पगची कवटी आखूड केली पण आतलं सामान, म्हणजे टाळूचा मागचा मऊ भाग, जीभ, नाकातल्या वळ्या, ते त्या मापात लहान झालंच नाही. मग ते सगळं त्या एवढ्याशा जागेत कोंबलेलं, त्यात नाकपुड्या चिमटलेल्या, आणि हवा जायला वाटच नाही. लोक ज्याला किती गोड घोरतो म्हणतात आणि रील टाकतात ते घोरणं म्हणजे श्वासाची ओढाताण असते. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजने २०२२ मध्ये पग आणि बाकीचे कुत्रे अशी तुलना केली, तर श्वासमार्गाच्या या आजाराचा धोका पगला ५४ पट निघाला, डोळ्याच्या बुबुळावर जखम होण्याचा १३ पट, घड्यांमधल्या त्वचेच्या इन्फेक्शनचा ११ पट. त्यांनी तर स्पष्टच म्हटलं की तब्येतीच्या बाबतीत पगला आता नॉर्मल कुत्रा म्हणता येत नाही.

आणि हे सगळं ब्रिटनच्या थंडीत. आपल्याकडे काय होत असेल विचार करा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून, नाकातल्या आणि तोंडातल्या ओलाव्यावरनं हवा खेळवून अंग थंड करतो. पगचं ते यंत्रच आखूड. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात, किंवा अगदी मुंबईच्या ऑक्टोबर हीटमध्ये दुपारी लाइट गेली आणि एसी बंद पडला तर लॅब सावलीत फरशीवर आडवा पडून कसंतरी निभावतो, पगची मात्र जीभ निळसर पडायला वेळ लागत नाही. जीभ निळी-जांभळी दिसली की अंगावर साधं पाणी ओता, पंखा लावा आणि तसंच व्हेटकडे, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरकडे, पळा, फोन करून थांबू नका. विमानाचं पण लक्षात घ्या, बऱ्याच एअरलाइन्स चपट्या नाकाचे कुत्रे कार्गोमध्ये घेतच नाहीत, आणि आयटीवाल्यांच्या बदल्या तर होतच असतात.

डोळ्यांचं वेगळंच. खोबणी उथळ म्हणून डोळे बाहेर आलेले, त्यामुळे सोफ्याचा कोपरा, मांजराचा पंजा, तुळशीच्या कुंडीतली काडी, काहीही लागतं. जोरात मारामारी झाली तर डोळा खोबणीतनं बाहेर येऊ शकतो, हे मी घाबरवायला सांगत नाहीये, पगवाल्यांना व्हेट पहिल्याच व्हिजिटला सांगतात. नाकावरच्या घडीत पावसाळ्यात ओल धरते, ती रोज पुसून कोरडी करावी लागते, कोकणात तर दिवसातनं दोनदा. शिवाय मणक्यांची घडण वाकडी असणं, गुडघ्याची वाटी सरकणं, आणि मेंदूला सूज येण्याचा एक आजार तर इतका पगचा आहे की त्याच्या नावातच पग आहे.

आपल्याकडे ही जात घरोघरी गेली ती हच या मोबाइल कंपनीच्या २००३ च्या जाहिरातीनंतर. नेटवर्क मागे मागे येणार म्हणून पग पोराच्या मागे मागे चालतोय, सगळ्यांना तो हवा झाला, आणि मागणी एकदम वाढली की नात्यातल्या नात्यात पिल्लं काढणारे पण वाढतात. तिकडे नेदरलँड्सने २०१९ मध्ये नियम कडक केले, कुत्र्याच्या तोंडाची लांबी डोक्याच्या एक तृतीयांशापेक्षा कमी असेल तर ब्रीडिंगच करायचं नाही. आपल्याकडे उलट जेवढं नाक चपटं तेवढा शो क्वालिटी म्हणून भाव जास्त.

बरं, म्हणजे लॅब एकदम ठणठणीत का? अजिबात नाही. लॅबचं सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे भूक. २०१६ मध्ये केंब्रिजच्या लोकांनी शोधून काढलं की साधारण चारातल्या एका लॅबच्या एका जीनमध्ये बिघाड असतो, पोट भरल्याचा निरोपच मेंदूला नीट पोचत नाही, आणि नंतर २०२४ मध्ये असंही दिसलं की अशा कुत्र्याचं अंग बसल्याजागी कॅलरीज पण कमी जाळतं. म्हणजे भूक जास्त आणि खर्च कमी. आता असा कुत्रा एकत्र कुटुंबात आणा. आजोबा सकाळी चहाबरोबर पार्ले-जी देणार, आई चपाती-दूध, पोरगं डब्यातलं उरलेलं, आणि तो प्रत्येकाकडे असं बघणार की जन्मात कधी काही मिळालंच नाही. तीन वर्षांत चाळीस किलो. मग कंबर, गुडघे, लिगामेंट तुटणं, हे एकामागोमाग येतं.

पण इथेच ती हातातली गोष्ट आहे. २००२ मध्ये एक अभ्यास छापून आला, लॅबचीच ४८ पिल्लं, जोड्या लावलेल्या, जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खायला, ते पण आयुष्यभर. कमी खाणारे सरासरी १३ वर्षं जगले आणि दुसरे ११.२. जवळपास दोन वर्षं, फक्त वाटीतलं माप कमी केल्याने, आणि सांधेदुखीही उशिरा आली. औषध नाही, ऑपरेशन नाही. वजन बघायची पद्धत सोपी आहे. आपली मूठ वळा आणि उंचवट्यांवरनं बोट फिरवा, लॅबच्या बरगड्या तशा टोकदार लागल्या तर हडकुळा, मग तळहात उघडून बोटांच्या मुळाशी आतून दाबा, तसं गुबगुबीत लागलं तर जाड, आणि हात सरळ धरून मागच्या बाजूने बोटांच्या हाडांवर हात फिरवल्यावर लागतं तसं असेल तर बरोब्बर. आपल्याकडचे बरेचसे लॅब गुबगुबीतमध्येच असतात आणि लोक म्हणतात काय तब्येत आहे!

दुसरं, खुब्याचा आणि कोपराचा सांधा. हिप डिस्प्लेसिया, म्हणजे खुब्याचा सांधा नीट न बसणं, अंशतः आनुवंशिक, म्हणून आई-बापांच्या खुब्याचे एक्स-रे बघायचे. ब्रीडर म्हणेल केसीआय पेपर आहेत ना. केनेल क्लबचे पेपर म्हणजे वंशावळ, आजोबा-पणजोबा कोण ते कळतं, खुबा कसा आहे ते नाही. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत आणि पेपरच्या नावाखाली दहा-पंधरा हजार जास्त मोजणाऱ्यांनी एवढं तरी विचारावं. बाकी अर्धं घरात ठरतं. नॉर्वेत २०१२ मध्ये लॅबसकट काही मोठ्या जातींचा अभ्यास झाला, त्यात तीन महिन्यांच्या आत रोज जिने चढउतार करणाऱ्या पिल्लांना हा त्रास जास्त आणि मऊ मोकळ्या जमिनीवर हुंदडणाऱ्यांना कमी दिसला. तिसरा मजला आणि लिफ्ट नाही, तर सुरुवातीचे काही आठवडे उचलून न्या, नंतर तुम्हाला उचलायला जमणार नाहीच. गुळगुळीत टाइल्सवर सतरंजी किंवा योगा मॅट टाका.

चॉकलेट रंगाचा लॅब हवाच असेल तर एक माहिती, ब्रिटनमध्येच २०१८ च्या अभ्यासात चॉकलेट लॅब सरासरी १०.७ वर्षं आणि काळे-पिवळे १२.१ वर्षं निघाले, कान आणि कातडीचे त्रासही चॉकलेटमध्ये जास्त. रंगासाठी ठराविकच कुत्रे वापरत राहिल्याचा परिणाम असावा असा त्यांचा अंदाज. आपल्याकडे नेमका त्याच रंगाचा भाव जास्त!

गोचीड ताप दोघांनाही सारखाच, तिथे जात बघत नाही तो. पार्व्हो-डिस्टेंपर या कुत्र्यांच्या साथीच्या रोगांवरची इंजेक्शनं पण दोघांना तीच. महिन्याच्या खर्चात लॅबचं खाणं जड जातं हे खरं, पगवाले हाच मुद्दा पुढे करतात, पण पगच्या नाकाचं आणि टाळूचं ऑपरेशन एकदा करावं लागलं की त्या वाचवलेल्या पैशांचा हिशोब लागत नाही.

तर दिवसभर घरात कोणी नाही, संध्याकाळी फिरवायला अर्धा तासही निघणार नाही, असं असेल तर लॅब आणू नका. पण म्हणून पग आणा असंही नाही, तेव्हा सरळ एखादा मोठा झालेला, शांत गावठी कुत्रा शेल्टरमधनं आणा. वरच्या २०२२ च्या यादीत मिश्र जातीचे ११.८२ होते म्हणजे लॅबच्या बरोबरीनेच, आणि आपल्या गावठ्याला इथली हवा नवीन नाही. फिरवायला वेळ आहे आणि घरातल्या सगळ्यांच्या हाताला शिस्त लावायची ताकद आहे, तर लॅब, काळा किंवा पिवळा. आजोबांना पटणार नसेल तर बिस्किटाच्या डब्यात ड्राय फूडचे दाणे भरून ठेवा, दिवसाच्या मापातलेच, त्यांनाही देण्याचं समाधान आणि त्याचंही पोट फुगत नाही.

एवढं वाचूनही पगच हवा असेल तर पिल्लू नको, दत्तक घ्यायला निघालेला दीड-दोन वर्षांचा बघा, अशा वयात त्याचा श्वास कसा आहे ते कळून चुकलेलं असतं. बघायला जाल तेव्हा सकाळी लवकर जाऊ नका, थोडं ऊन चढल्यावर जा. आधी तो झोपलेला असताना ऐका, मग नाकपुड्या बघा, गोल उघड्या हव्यात, नुसती उभी चीर नको. मग तीन मिनिटं दुडक्या चालीने पळवा, मालक नको म्हणाला तर उत्तर मिळालंच. पळून आल्यावर घशातनं घरघर, ओकाऱ्या, बसल्या-बसल्या डुलक्या काढणं, तोंडात खेळणं धरून झोपायची सवय (तोंड उघडं ठेवायला ते तसं करतात), यातलं काही दिसलं तर आधी व्हेटला दाखवून मगच हो म्हणा. आणि पिल्लूच आणलं असेल तर नसबंदीच्या वेळी भूल देणारच आहेत, तेव्हाच नाकपुड्या मोठ्या करून घ्यायच्या का ते व्हेटला विचारा, एकाच भुलीत दोन्ही कामं होतात.