द्रवाची घनता बाटलीनं (ठरावीक आयतनाची काचेची बाटली भरून, वजन करून) मोजावी की यू-नळीच्या यंत्रानं?

बायनरी, म्हणजे दोन द्रवांच्या, मिश्रणांवर काम सुरू करणारी पोरं पहिल्यांदा हेच विचारतात. मी दोन्हींवर घाम गाळलाय, त्यामुळे माझं मत अगदी निःपक्ष धरू नका.

बाटली वाईट नाही. स्वस्त, आणि यंत्रासारखी बिघडतही नाही. इथेनॉल-पाणी घेतलंत तर २९८.१५ केल्विनला अतिरिक्त मोलर आयतन (दोन द्रवांच्या आयतनांच्या बेरजेपेक्षा मिश्रणाचं आयतन मोलमागे जेवढं कमी-जास्त भरतं ते; घनतेवरून काढतात) उणे १ घन सेंटीमीटरच्या आसपास जातं. एवढ्यात बाटलीची बारीकसारीक चूक खपून जाते.

माझं बिनसलं ते ॲसिटोन-टोल्यूईनवर, आणि तेही जुलैत. कोल्हापूरचा जुलै, म्हणजे प्रयोगशाळेच्या भिंतीसुद्धा ओलसर. २९३ केल्विनच्या पाण्याच्या बाथमधून २५ मिलीची बाटली काढली, टिश्यूनं पुसली, तराजूवर ठेवली, तर काचेवर परत दव. "सर, बाटलीला घाम सुटलाय बघा," आमचे मामा म्हणाले. खोली बाथपेक्षा गरम, म्हणून द्रव फुगून बुचाच्या बारीक नळीतून थेंब वर आलेला. पुसला तर आतला माल कमी, ठेवला तर ॲसिटोन उडतंय. बाहेरून पाणी चढतंय, आतून ॲसिटोन उतरतंय आणि चौथा दशांश काही केल्या थांबेना. वहीत कुठला आकडा लिहायचा? अडीच मिलिग्रॅमची चूक म्हणजे घनतेत ०.०००१ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर, आणि अतिरिक्त आयतनात साधारण ०.०१ घन सेंटीमीटर. मुळात ते आयतनच ०.१ च्या घरात असेल, तर दहावा हिस्सा तिथंच गेला. अकरा मिश्रणं, पाच तापमानं, म्हणजे असली पंचावन्न वजनं.

यू-नळीत दोनेक मिली नमुना पुरतो. नळीच्या कंपनाच्या आवर्तकाळावरून घनता निघते. तापमान यंत्रच बदलतं, नमुना झाकलेला राहतो. त्रास बुडबुड्यांचा. २९३ ला स्वच्छ दिसलेल्या नमुन्यातून ३१३ ला विरघळलेली हवा सुटते आणि घनता कमी दिसते. पण तो बुडबुडा खिडकीतून दिसतो तरी! नमुना आधी अल्ट्रासॉनिक बाथमध्ये धरा, सिरिंज सावकाश दाबा. ग्लायकॉलसारखे घट्ट द्रव असतील तर श्यानतेची दुरुस्ती यंत्रात आहे का, ते आधी विचारून घ्या. रोज सकाळी ऊर्ध्वपातित पाण्याला २९८.१५ वर ०.९९७०५ आलं नाही, तर आधी हवा वाळवणारं सिलिका जेल बघा. पावसाळ्यात ते लवकर गुलाबी पडतं.

यंत्र हाती येईपर्यंत बाटलीवरच भागवायचं असेल, तर पावसात इथेनॉल-पाणी उरका. ॲसिटोन दिवाळीनंतर काढा.