हंगामी पास आणि अकरा फेऱ्या : एका वॉटरपार्कचा वापरानंतरचा अनुभव

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही पुण्यापासून तासाभराच्या अंतरावरील एका वॉटरपार्कचे चार हंगामी पास काढले. पासाची मुदत १ मार्च ते १५ जून अशी होती. एका पासाची किंमत ३,२०० रुपये, तर एका दिवसाचे तिकीट जीएसटी धरून सोमवार ते शुक्रवार ९५० आणि शनिवार-रविवारी १,२०० रुपये. तीन-चार फेऱ्यांत पैसे वसूल होतात हा हिशेब तिकीट खिडकीवरच्या मुलीने आमच्यासमोर कॅल्क्युलेटरवर करून दाखवला आणि तो चुकीचा नव्हता. प्रत्यक्षात आम्ही अकरा वेळा गेलो, त्यांपैकी सात फेऱ्या कामाच्या दिवशी रजा टाकून आणि चार सुट्टीच्या दिवशी झाल्या. प्रत्येक फेरीची वेळ, खर्च आणि रांगेत गेलेली मिनिटे मी घरखर्चाच्या वहीत टिपून ठेवली होती. पुढचे सर्व त्या वहीवरूनच लिहीत आहे. पार्कचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण माझ्या तक्रारी व्यवस्थापनाकडे लेखी दिलेल्या आहेत आणि यातील बहुतेक गोष्टी आपल्याकडच्या कोणत्याही वॉटरपार्कला लागू पडाव्यात असे मला वाटते.

पास हातात आल्यावर सर्वांत मोठा फरक पडला तो आमच्या हावरेपणात. एका दिवसाचे तिकीट काढलेला माणूस दहाला आत शिरतो आणि सहाची घंटा होईपर्यंत पैसे पिळून काढतो. मुले रडकुंडीला आली, बोटांच्या सुरकुत्या पडल्या, तरी ‘अजून ती पिवळी राहिली ना’ म्हणून त्यांना पुन्हा जिन्याकडे ढकलतो. पहिल्या तीन फेऱ्या आम्हीही अशाच केल्या. चौथ्या फेरीपासून मात्र दहाच्या ठोक्याला दारात उभे राहायचे आणि दीड वाजता बाहेर पडायचे असे ठरवले आणि तेव्हापासून हेच ठिकाण वेगळे वाटू लागले. या पार्कमध्ये जे काही चांगले आहे ते पहिल्या दोन-अडीच तासांत आहे. चौघांनी बसायच्या मोठ्या राफ्टच्या राइडसाठी बुधवारी सव्वादहाला मला सहा मिनिटे थांबावे लागले. एप्रिलमधल्या एका रविवारी साडेबाराला त्याच राइडसाठी ४८ मिनिटे लागली. राइड स्वतः २२ सेकंदांची आहे.

त्या ४८ मिनिटांत माणूस नेमका कुठे उभा असतो, हे जाहिरातीत दिसत नाही. तो लोखंडी जिन्यावर अनवाणी उभा असतो. जिन्याला खालचे दोन टप्पे रबराची चटई आहे, वरचे तीन उघडे आहेत. उन्हाळ्यात बाराच्या पुढे त्या पत्र्यावर पाय ठेवला की चटका बसतो आणि सगळी रांग बगळ्यासारखी एकेका पायावर उभी राहते. खालच्या पायवाटांवरही हीच कथा आहे. तिथे दर पन्नास पावलांवर पाण्याचे फवारे बसवले आहेत, पण आमच्या चार फेऱ्यांत त्यांतले निम्मे बंद होते. सहाव्या फेरीपासून आम्ही रबरी तळव्याचे पाण्यातले बूट नेऊ लागलो. ते स्लाइडवर चालत नाहीत, पण रांगेत चालतात.

स्लाइड्सबद्दल मात्र मला फारशी तक्रार करता येणार नाही. त्या फायबरग्लासच्या तुकड्यांच्या असतात आणि ते तुकडे एकमेकांना बोल्टने जोडलेले असतात. सांधा नीट बसला नसेल किंवा त्यातला भराव झिजला असेल, तर खाली येताना पाठीला प्रत्येक जोड ‘खट्, खट्’ असा जाणवतो. इथल्या दोन उघड्या स्लाइड्सवर मार्चमध्ये तो जाणवत होता. मे महिन्यात त्या चार दिवस बंद ठेवून दुरुस्त केल्या आणि नंतर पाठ सुखरूप राहिली. उन्हाने फिकट झालेला निळा रंग तसाच आहे, त्याने काही बिघडत नाही. अंधाऱ्या बोगद्याची स्लाइड हे माझ्या मुलीचे खास आकर्षण होते आणि ती अकरापैकी पाच वेळा बंद होती. देखभालीसाठी राइड बंद ठेवणे हे जबाबदारीचेच लक्षण आहे, त्याबद्दल रोष नाही. परंतु ती बंद असल्याची पाटी तिकीट खिडकीवर न लावता आत, जिन्याच्या पायथ्याशी लावण्यात कोणता शहाणपणा आहे हे मला अजून कळलेले नाही. लेखी विचारणा केल्यावर बाराव्या दिवशी उत्तर आले की, ‘काही राइड्स पूर्वसूचनेशिवाय बंद राहू शकतात’ ही अट पासाच्या मागे छापलेली आहे. ती आहे; वाचायला भिंग लागते.

पाण्याविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण लहान मुलांच्या आईवडिलांनी स्लाइडची उंची पाहण्याऐवजी आधी ते पाहावे. आपल्याकडे क्लोरीनचा भपकारा आला की ‘पाणी स्वच्छ आहे, औषध टाकलेय’ असे समजतात. खरे तर डोळे चुरचुरवणारा तो वास क्लोरीनचा कमी आणि क्लोरामाइनचा जास्त असतो. घाम, लघवी आणि अंगावरचा मळ यांच्याशी क्लोरीनचा संयोग झाला की क्लोरामाइन तयार होते. म्हणजे वास वाढतो तेव्हा जंतू मारायला मोकळे उरलेले क्लोरीन बहुधा घटलेले असते. त्यात उघड्या तलावात ऊनही क्लोरीन खाते. सार्वजनिक तलावात हे मुक्त क्लोरीन लिटरमागे किमान १ मिलिग्रॅम असावे असे मानतात. मी पोहण्याच्या तलावासाठी मिळणाऱ्या चाचणीपट्ट्यांची एक डबी विकत घेतली आणि पाच फेऱ्यांत वापरली. सकाळी दहाला प्रत्येक वेळी रंग १ ते ३ च्या चौकटींत बसला. दोन रविवारी दुपारी तीन वाजता लहान मुलांच्या उथळ तलावातली पट्टी जवळजवळ पांढरीच राहिली आणि वास मात्र नाकात जात होता.

पहिल्यांदा मी हे तलावाजवळच्या कर्मचाऱ्याला सांगितले, तेव्हा त्याने ‘मॅडम, पाणी रोज बदलतो’ असे नेहमीचे उत्तर दिले. दुसऱ्यांदा मी सरळ पंपघर गाठले. तिथे वाळूच्या गाळणटाक्यांच्या ओळीपाशी बसलेल्या गृहस्थांनी मात्र माझे म्हणणे पूर्ण ऐकून घेतले, स्वतःची काचेची नळी आणून पाणी तपासले आणि काही न बोलता मुलांना वीस मिनिटे तलावाबाहेर काढून मात्रा वाढवली. त्यांनीच सांगितले की पाणी रोज बदलत नाहीत, तेच पाणी दिवसभर गाळून फिरवतात. लोकांना ते रुचत नाही म्हणून बदलतो असे सांगितले जाते. मला हा खरेपणा फार आवडला. पाणी फिरवून वापरण्यात काहीही गैर नाही, उलट दुष्काळी मुलखाला लागून असलेल्या ठिकाणी तेच योग्य आहे. मे महिन्यात याच रस्त्याने जाताना दोन गावांत टँकरपुढे हंड्यांची रांग दिसत असे आणि मागच्या सीटवर आमच्या ट्यूब असत, ही टोचणी हंगामभर होती, ती लपवत नाही. गाळून फिरवले तरी पाणी उडतेच. एक हजार चौरस मीटरच्या तलावावरून एक मिलीमीटर पाणी वाफ होऊन गेले तरी ते एक हजार लिटर भरते आणि आपल्या उन्हाळ्यात रोज एकाच मिलीमीटरवर भागत नाही.

कपड्यांचा नियम हा दारावरच्या भांडणांचा सर्वांत मोठा विषय आहे. नायलॉनचेच कपडे हवेत, सुती चालणार नाहीत, जीन्स तर नाहीच नाही. अनेकांना हा कॉस्च्युम भाड्याने देण्याचा धंदा वाटतो आणि भाडे पाहता तसे वाटणे साहजिक आहे. परंतु नियमाला कारण आहे. सुती कापड पाणी पिऊन जड होते, स्लाइडला चिकटते, त्याचे तंतू सुटून गाळणीत अडकतात. जीन्सची बटणे आणि चेन फायबरग्लासवर ओरखडे काढतात. आम्ही पहिल्या फेरीनंतर घरचे नायलॉनचे कपडे शिवून घेतले आणि तो खर्च संपला.

सासूबाईंचा प्रश्न इतका सोपा नव्हता. त्या आमच्याबरोबर तीनदा आल्या, पूर्ण तिकीट काढून आल्या आणि पहिल्या दोन वेळा सुती नऊवारीत छपराखाली पिशव्या राखत बसल्या. ‘तुम्ही खेळा गं, मला इथून सगळं दिसतंय,’ असे त्यांनी दोन्ही वेळा सांगितले. तिसऱ्या वेळी, मे महिन्यात, उकाडा असह्य झाल्यावर त्याच म्हणाल्या, ‘आण ती विजार, बघू तरी.’ भाड्याची काळी नायलॉनची विजार आणि वर लांब हाताचा सदरा घालून त्या संथ वाहत्या पाण्याच्या गोल कालव्यात, ज्याला इथे लेझी रिव्हर म्हणतात, ट्यूबमध्ये बसल्या आणि दोन फेऱ्या होईपर्यंत त्यांनी दोन्ही हातांनी ट्यूबच्या मुठी सोडल्या नाहीत. तिसऱ्या फेरीला एक हात पाण्यात होता. त्यानंतर त्यांना बाहेर काढण्यासाठी आम्हाला अर्धा तास विनवण्या कराव्या लागल्या. एवढे असूनही ज्येष्ठांना तिकिटात सवलत नाही आणि पाण्यात न उतरणाऱ्यांसाठी वेगळा दर नाही, ही गोष्ट मला खटकते.

वेव्ह पूल, म्हणजे कृत्रिम लाटांचा तलाव, हा या पार्कचा कणा आहे. खोल टोकाच्या भिंतीमागे बंद कोठड्या असतात. पंखे त्यांत हवा दाबून भरतात आणि सोडतात, त्यामुळे आतले पाणी खाली-वर होऊन लाट बाहेर पडते. दर तासाला भोंगा होतो, पंधरा मिनिटे लाटा येतात आणि पुन्हा पाणी शांत होते. भोंगा वाजताच सारे पार्क त्या दिशेने धावते. जाणकारांनी नेमके तेव्हाच राफ्टच्या राइडकडे जावे, रांग निम्मी झालेली असते. सुट्टीच्या दिवशी त्या तलावात लाटेपेक्षा माणसांचेच धक्के अधिक बसतात, हेही सांगायला हवे. लाइफगार्ड सहा जण असतात आणि दर अर्ध्या तासाने जागा बदलतात, हे मी मुद्दाम पाहिले. त्यांच्यापैकी एकाने माझ्यादेखत, लाटा चालू असताना, ट्यूबखाली गेलेल्या एका मुलाला तीन-चार सेकंदांत वर काढले. मुलाच्या वडिलांना ते कळलेही नव्हते, ते मोबाइल पाण्यापासून वाचवत फोटो काढत होते. पाण्यात बुडणारे माणूस बहुधा ओरडत नाही. म्हणून लाइफगार्ड कितीही चांगले असले तरी सहा वर्षांच्या मुलापासून हातभर अंतरावर आपण स्वतः असावे लागते.

खर्चाचे आकडे थोडक्यात देते. चार पासांचे १२,८००, लॉकरचे अकरा वेळांचे १,६५०, पार्किंगचे १,१०० आणि आतल्या खाण्याचे ७,४०० रुपये झाले. बाहेरचे खाणे आत नेऊ देत नाहीत, पाण्याची बाटलीसुद्धा दारात काढून घेतात, आणि आतला वडापाव थंड व रबरासारखा असतो. पुढे आम्ही दशम्या, भडंग आणि ताकाचा थर्मास गाडीतच ठेवू लागलो व दीडला बाहेर पडल्यावर समोरच्या चिंचेखाली जेवू लागलो. खाण्याचा आकडा पहिल्या पाच फेऱ्यांचाच आहे, हे लक्षात घ्यावे. महिलांच्या कपडे बदलण्याच्या खोल्या सकाळी स्वच्छ आणि दुपारनंतर चिखलमय असतात. आत खुंट्या दोनच आहेत.

आता माझ्या मुलाच्या उंचीचे प्रकरण. मोठ्या स्लाइड्सना १२० सेंटीमीटर उंची लागते आणि त्याहून कमी उंचीच्या मुलांना पास ८०० रुपयांनी स्वस्त मिळतो. फेब्रुवारीत तिकीट खिडकीजवळच्या भिंतीवरील रेघेपाशी त्याला बुटांसह उभे केले, तो रेघेला टेकला आणि आम्ही पूर्ण दर भरला. मार्चमध्ये राफ्टच्या जिन्यापाशी तो अनवाणी उभा राहिला, तेव्हा खांबावरच्या खुणेला एक बोट कमी पडला आणि परत पाठवला गेला. सुरक्षेच्या नियमात सूट मागणे मला मान्य नाही, म्हणून तिथे मी वाद घातला नाही. पण एकाच आवारात एक माप पैशांसाठी बुटांसह आणि दुसरे राइडसाठी अनवाणी, हे कोणत्या हिशेबात बसते? त्याने ते अकराही फेऱ्या मनावर घेतले. प्रत्येक वेळी आत शिरताच तो आधी त्या खांबापाशी जाऊन ताठ उभा राहत असे. १२ जूनला शेवटच्या फेरीत ढग दाटून आले, वीज चमकताच सर्वांना पाण्याबाहेर काढून छपराखाली उभे केले, जे अगदी योग्यच होते, आणि दोन वाजताच पार्क बंद झाले. त्या गर्दीतही तो निसटून खांबापाशी गेला. राइडवरच्या पोऱ्याने त्याचे ओले केस तळहाताने दाबून पाहिले आणि ‘अजून एवढंच,’ म्हणून करंगळीचे नख दाखवले.

पुढच्या वर्षी पास घेऊ, चार नव्हे तर पाच, कारण सासूबाईंनी आधीच सांगून ठेवले आहे. तोवर मुलगा अनवाणीही १२० सेंटीमीटर भरेल आणि त्याचा पूर्ण दर देताना माझी हरकत नसेल. या वर्षी जास्त घेतलेल्या ८०० रुपयांबाबत दिलेल्या अर्जाचे उत्तर मात्र अजून यायचे आहे.