जिप्सीच्या ट्यूनिंगसाठी घेतलेला जुना थिंकपॅड : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेले नऊ महिने मी थिंकपॅड टी४८० हा वापरलेला लॅपटॉप केवळ इंजिन ट्यूनिंगसाठी वापरत आहे. पुण्यातील आमच्या लहानशा गॅरेजमध्ये प्रामुख्याने मारुती जिप्सी येतात. रॅली आणि ऑटोक्रॉससाठी तयार होणाऱ्या या गाड्यांच्या १३०० सीसी इंजिनांवर आम्ही स्पीडुइनोसारखा, हवा तसा प्रोग्रॅम करता येणारा ईसीयू (इंजिनाचे नियंत्रण करणारा छोटा संगणक) बसवतो आणि ट्यूनरस्टुडिओ या सॉफ्टवेअरमधून इंधनाचा व इग्निशन टायमिंगचा मॅप, म्हणजे किती इंधन आणि केव्हा ठिणगी याचा तक्ता, भरतो. अधूनमधून मूळ ईसीयू फ्लॅश करण्याचे, म्हणजे त्याच्या मेमरीत नवी फाइल लिहिण्याचे, कामही असते. या कामासाठी लॅपटॉप निवडताना मी सुरुवातीला नेमक्या चुकीच्या गोष्टी पाहत होतो, म्हणून हा अनुभव जरा सविस्तर लिहीत आहे.

आधीचा लॅपटॉप घेताना मी प्रोसेसर आणि ग्राफिक्स पाहिले होते. वास्तविक ट्यूनरस्टुडिओला फार ताकद लागत नाही. मॅपच्या तक्त्यातील आकडे बदलणे, ईसीयूकडून येणारी माहिती दाखवणे आणि ती लॉगमध्ये (नोंदींच्या फाइलमध्ये) साठवणे एवढेच त्याचे काम. ताकदीपेक्षा काय महत्त्वाचे असते, हे मला एका संध्याकाळी कळले. एका गाडीच्या मूळ ईसीयूत नवी फाइल लिहीत असताना चार्जरची पिन सैल झाल्याचे माझ्या लक्षात आले नाही. बॅटरी ४० टक्के दाखवत होती, पण ती जीर्ण झालेली होती, आणि लेखन साठ टक्क्यांच्या पुढे गेलेले असताना पडदा एकदम काळा झाला. ईसीयू फ्लॅश करताना आधी त्याच्या मेमरीतील जुना मजकूर पुसला जातो आणि मग नवा लिहिला जातो. मधेच तुटले तर जुने गेलेले असते आणि नवे अपुरे राहते. मी चावी फिरवली. एरवी चावी फिरवल्यावर पेट्रोल पंपाचा जो दोन सेकंदांचा घर्रकन आवाज येतो, तो आला नाही. पुढचे दोन दिवस ईसीयू गाडीतून काढून, उघडून, टेबलावर बूट मोडमध्ये (मेमरीत थेट लिहू देणाऱ्या स्थितीत) जोडून तो पुन्हा जिवंत करण्यात गेले. मालकाने एका शब्दानेही बोल लावला नाही, याचेच मला जास्त वाईट वाटले.

त्यानंतर मी लॅपटॉप शोधताना पहिला प्रश्न बॅटरीचा ठेवला आणि टी४८० निवडण्याचे मुख्य कारणही तेच ठरले. या मॉडेलला दोन बॅटऱ्या असतात : एक आत बसवलेली, २४ वॉट-अवरची, आणि दुसरी मागून काढता-घालता येणारी. बाहेरची बॅटरी ७२ वॉट-अवरचीही मिळते. आतली बॅटरी लॅपटॉप चालू ठेवत असल्यामुळे बाहेरची बॅटरी तो बंद न करता बदलता येते. मी २२,००० रुपयांना लॅपटॉप घेतला आणि त्याच दिवशी बाहेरची एक नवी मोठी बॅटरी स्वतंत्रपणे विकत घेतली. दिवसभर लॉगिंग केल्यावरही संध्याकाळी चार्ज उरतो, हे नऊ महिन्यांनंतरही खरे आहे.

फ्लॅश करताना मात्र लॅपटॉपची बॅटरी हा अर्धाच भाग असतो. इंजिन बंद आणि इग्निशन चालू अशा स्थितीत गाडीची बॅटरी झपाट्याने उतरते, आणि मधेच रेडिएटरचा पंखा सुरू झाला तर व्होल्टेज आणखी खाली जाते. म्हणून आता मी गाडीच्या बॅटरीला स्थिर वीजपुरवठा जोडतो, व्होल्टेज साडेतेराच्या आसपास आहे याची मीटरवर खात्री करतो, लॅपटॉप पूर्ण चार्ज करून चार्जर काढून ठेवतो आणि मगच लेखन सुरू करतो. विंडोजमधील स्लीप, झाकण मिटल्यावर झोपी जाण्याची सोय, आपोआप होणारे अपडेट आणि यूएसबी पोर्टची वीज वाचवण्याची सोय या चारही गोष्टी पहिल्याच दिवशी बंद कराव्यात. त्यांतील शेवटची बहुतेकांच्या लक्षात येत नाही. लॅपटॉप जागा असतो, पण वापर नाही असे समजून विंडोज पोर्ट झोपवते आणि केबल तुटल्यासारखी वागते.

पोर्टविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण ट्यूनिंगमधील निम्म्या अडचणी तिथेच जन्माला येतात. टी४८० ला नेहमीच्या रुंद यूएसबीचे दोन पोर्ट, यूएसबी-सीचे दोन आणि लॅन केबलचा एक पोर्ट आहे. हल्लीच्या पातळ लॅपटॉपमधून लॅनचा पोर्ट जवळजवळ नाहीसा झाला आहे. परंतु मोटेक या कंपनीच्या एम१ मालिकेसारखे ईसीयू इथरनेटवरूनच, म्हणजे लॅन केबलवरूनच, बोलतात आणि अशी गाडी दारात आली की अडॅप्टर शोधत बसावे लागत नाही. ईसीयू जोडायचा जुना सिरियल पोर्ट नाही, ते काम यूएसबी-सिरियल केबलने भागवावे लागते. या केबलच्या बाबतीत पैसे वाचवू नयेत. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मी स्वस्त केबल मागवली होती. तिच्यातील चिप नकली निघाली आणि ड्रायव्हरने तिला ओळखण्यास साफ नकार दिला. एफटीडीआय या कंपनीच्या अस्सल चिपच्या केबलनेही सुरुवातीला लॉग हवा तसा दाट येत नव्हता. या चिपचा ड्रायव्हर अपुरा भरलेला डेटा पुढे पाठवण्यापूर्वी १६ मिलिसेकंद थांबतो, आणि प्रत्येक प्रश्नाला एक उत्तर अशा पद्धतीने बोलणाऱ्या ईसीयूकडून मग सेकंदाला साठ-बासष्टच्या वर नोंदी मिळूच शकत नाहीत. ६,००० आरपीएमला क्रँकचा एक फेरा १० मिलिसेकंदांत पूर्ण होतो, हे लक्षात घेतले तर हा थांबा किती मोठा आहे ते कळेल. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या पोर्टच्या प्रगत सेटिंगमध्ये लेटन्सी टायमर, म्हणजे या थांब्याची वेळ, असते. ती १ मिलिसेकंद केल्यावर थ्रॉटल झटकन उघडताना मिश्रण क्षणभर लीन (इंधन कमी) होत होते ते लॉगमध्ये स्वच्छ दिसू लागले. लॅपटॉप तोच, केबल तीच.

एका जिप्सीत साडेचार हजार आरपीएमच्या वर गेले की यूएसबीचा संपर्क तुटायचा. दोन संध्याकाळी मी लॅपटॉपलाच दोष देत होतो. शेवटी स्पार्क प्लग काढून पाहिले तर ते रेझिस्टर (विजेचा गोंगाट दाबणारा रोधक) नसलेले निघाले, आणि इग्निशनचा विजेचा गोंगाट केबलमधून लॅपटॉपपर्यंत पोहोचत होता. एनजीकेच्या प्लगच्या क्रमांकात आर हे अक्षर असले तर तो रेझिस्टरचा असतो. ते प्लग बसवले आणि यूएसबी केबल इग्निशन कॉइलच्या वायरपासून लांब नेली, तेव्हापासून तक्रार उरली नाही. तरीही चालत्या गाडीत इन्व्हर्टरवरून चार्जर लावणे मी टाळतो.

आता पडद्याविषयी. माझ्याकडचा पडदा मॅट आहे, पूर्ण एचडी आहे, परंतु त्याची उजळता सुमारे २५० निट्स (उजळतेचे एकक) आहे, आणि ही पातळी कचेरीसाठी असते. जिप्सीचे छत काढलेले असले तर मे महिन्याच्या उन्हात अशा पडद्यावर काही वाचण्याची अपेक्षाच ठेवू नये. आमची एक अडचण अशी की पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर असल्यामुळे टर्बो नसलेल्या इंजिनात थ्रॉटल पूर्ण उघडला तरी मॅनिफोल्डचा (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांचा) दाब ९४-९५ केपीएच्या (किलोपास्कलच्या) वर जात नाही, म्हणजे मॅपमधील १०० केपीएची ओळ इथे कधी तपासलीच जात नाही. त्यासाठी आम्ही गाडी ट्रेलरवर घालून घाट उतरतो आणि कोकणात एका मित्राच्या जमिनीतील खासगी रस्त्यावर लॉग घेतो. पहिल्या खेपेला मी तिथे डोक्यावरून टॉवेल घेऊन लॅम्डाचा (हवा-इंधन मिश्रणाच्या प्रमाणाचा) आकडा वाचत होतो. आता काळ्या जाड पुठ्ठ्याची झडप शिवून घेतली आहे, ट्यूनरस्टुडिओची पार्श्वभूमी पांढरी ठेवली आहे आणि पडद्यावर चारच मोठे गेज ठेवले आहेत : आरपीएम, मॅनिफोल्डचा दाब, लॅम्डा आणि कूलंटचे तापमान. बाकीचे सारे लॉगमध्ये नोंदले जाते, ते सावलीत बसून पाहावे. गाडी सहकारी चालवतो आणि मी शेजारी बसतो. एकाच माणसाने दोन्ही कामे करू नयेत. हादरणाऱ्या गाडीत कीबोर्डच्या मधोमध असलेली लाल ट्रॅकपॉइंटची गुंडी फार उपयोगी पडते, कारण बोट न उचलता नेमका चौकोन गाठता येतो.

ज्यांचे बहुतांश काम उघड्यावर असते त्यांनी पॅनासॉनिकच्या टफबुक या दणकट लॅपटॉपचा जरूर विचार करावा. सीएफ-३१ मध्ये उन्हात वाचता येणारा, हजार निट्सच्या पलीकडचा पडदा आणि खराखुरा सिरियल पोर्ट असतो. मात्र त्याचे वजन पावणेचार किलोंच्या आसपास आहे, पडदा १०२४ बाय ७६८ चा आहे आणि त्याच्या शेवटच्या आवृत्तीतील पाचव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाही. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे मी आठव्या पिढीचा प्रोसेसर असलेले यंत्र पसंत केले. विंडोज ११ केवळ ६४ बिटचीच येते आणि ३२ बिटचे जुने ड्रायव्हर तिच्यावर चालत नाहीत, म्हणून एका जुन्या इंटरफेससाठी मी जुनी विंडोज वेगळ्या एसएसडीवर ठेवली आहे आणि त्या वेळी इंटरनेट जोडत नाही. एआरएम प्रोसेसरचे नवे लॅपटॉप बॅटरीच्या दृष्टीने कितीही मोहक वाटले तरी, आपल्या इंटरफेसचा त्यांच्यासाठीचा ड्रायव्हर उपलब्ध आहे याची खात्री केल्याशिवाय या कामासाठी घेऊ नयेत. फिरती हार्ड डिस्क असलेला लॅपटॉपही चालत्या गाडीत नेऊ नये.

वापरलेला लॅपटॉप घ्यायला जाताना मी खिशात एक आर्डुइनो मेगा बोर्ड (स्पीडुइनो ज्यावर चालतो तो छोटा बोर्ड) आणि माझी नेहमीची केबल नेली होती. दुकानात प्रत्येक यूएसबी पोर्टला बोर्ड जोडला, डेटा चालू ठेवला आणि केबल हलक्या हाताने चारही दिशांना हलवली. पहिल्या दोन लॅपटॉपमध्ये संपर्क तुटला. तिसऱ्यात तुटला नाही, तोच मी घेतला.