टंचाईतला रुपया आणि माझे 22,550 रुपये

सासूबाईंच्या पितळी डब्यात 1985 सालचे चार रुपये निघाले. भिंग धरून पाहिलं, तर सालाखाली बारीक 'एच' अक्षर. 'हा रुपया असेल तर अडीच लाख मिळतील' असा व्हिडिओ त्याच आठवड्यात पाहिला होता. हात थरथरला माझा.

त्या व्हिडिओतली अर्धी माहिती खरी होती, म्हणूनच मी फसले. त्या काळात चिल्लरीची इतकी चणचण होती की दुकानदार सुट्ट्यांऐवजी गोळ्या हातावर ठेवायचे. आपल्या टांकसाळी पुऱ्या पडेनात, म्हणून सरकारने नाणी परदेशातून पाडून आणली. 'एच'चा रुपया बर्मिंगहॅमचा. त्याच सालचे काही पन्नास पैसे तर दक्षिण कोरियातल्या सोलचे.

एका खरेदी-विक्रीच्या साइटवर फोटो आणि नंबर टाकला. तासाभरात फोन. "ताई, सौदा पक्का समजा." आधी नोंदणीचे 1,250 रुपये. मग रिझर्व्ह बँकेचं बोधचिन्ह असलेलं पत्र आलं, त्यावर माझ्याच रुपयाचा फोटो, खाली गोल शिक्का. ते पाहून जीएसटीचे 6,800 भरले. शेवटी टीडीएस म्हणून 14,500, तेही मुलीच्या फीसाठी बाजूला ठेवलेले. त्यानंतर फोन बंद.

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021मध्येच बजावलं होतं, की जुन्या नाण्या-नोटांच्या अशा व्यवहारांत आम्ही नाही, आमच्या नावाने कुणालाही शुल्क घेण्याचा अधिकार दिलेला नाही. हे मला पैसे गेल्यावर कळलं. आणि एक साधी गोष्ट तेव्हा सुचलीच नाही : विकणारी मी, मग पैसे मी का भरायचे?

पुढे नाण्यांच्या प्रदर्शनात एका वयस्क विक्रेत्यांना ते रुपये दाखवले. त्यांनी न बोलता एक ताटली पुढे सरकवली. त्यात तसलेच 'एच'चे रुपये, मूठभर. म्हणाले, "टंचाई होती म्हणूनच कोट्यवधी पाडले, ताई. दुर्मिळ कसे होतील?" शेजारीच भोकाचे पैसे होते. दुसऱ्या महायुद्धात धातू वाचवायला 1943पासून पाडलेले, तेही घरोघरी सापडतात. किंमत येते ती व्यवहारात न फिरलेल्या, टांकसाळीची चकाकी शाबूत असलेल्या नाण्याला, किंवा खरोखर चुकीच्या छपाईला. माझ्या रुपयांच्या कडा झिजलेल्या, आकडे बोथट. त्यांची किंमत रुपयाच्या फार पुढे जात नाही, हे त्यांनी हळुवारपणे सांगितलं. एवढं आधी कुणी सांगितलं असतं तर!

असा फोन आला तर एक रुपयाही पाठवू नका. पैसे गेलेच असतील तर लाजेपोटी थांबू नका, त्याच मिनिटाला 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा. मी नऊ दिवस घरात कुणाला बोलले नाही, तोवर त्या खात्यात काहीच उरलं नव्हतं.

मागच्या आठवड्यात पुन्हा फोन आला. बुडालेले पैसे मिळवून देतो, फक्त 999 रुपये भरा. नंबर नवा होता, आवाज तोच.