वाटेत कृष्णविवर आलं तर: तीन अंतराळ-गेम, तीन तऱ्हेचे धोके

अंतराळात साम्राज्य उभारायचे स्ट्रॅटेजी गेम भरपूर आहेत आणि बहुतेकांच्या नकाशावर कुठेतरी एखादं कृष्णविवर असतंच. पुष्कळदा ते शोभेपुरतं असतं. बघायला छान, पण ताफा शेजारून गेला काय किंवा मधून गेला काय, काही बिघडत नाही. ज्यांना नकाशाशीही झुंजायला आवडतं, त्यांच्यासाठी हा आढावा आहे. तीन गेम घेतले आहेत: सिमटेक्सचा ‘मास्टर ऑफ ओरायन २’ (१९९६), मॅलफॅडर मॅकिनेशन्सचा ‘स्पेस एम्पायर्स ४’ (२०००) आणि पॅराडॉक्सचा ‘स्टेलारिस’ (२०१६). पहिल्यात कृष्णविवर वाट अडवतं, दुसऱ्यात जहाज ओढून घेतं आणि तिसऱ्यात पळू देत नाही. तिन्ही एकदम घेण्यात अर्थ नाही, कारण प्रत्येकाला वेगळ्या स्वभावाचा खेळाडू लागतो.

‘मास्टर ऑफ ओरायन २’पासून सुरुवात करू. इथे ताऱ्यांना जोडणारे ठरलेले रस्ते नाहीत. या ताऱ्यावरून त्या ताऱ्यावर सरळ रेघेत जायचं, अंतर पार्सेकमध्ये (खगोलशास्त्रातलं अंतराचं एकक) मोजायचं आणि तुमच्या वसाहतींपासून इंधन पुरेल तितकंच लांब जायचं. ही सरळ रेघ कृष्णविवरावरून जात असेल, तर तो प्रवास होत नाही. बाजूच्या एखाद्या ताऱ्यावर थांबून वळसा घ्यावा लागतो. वाचताना किरकोळ वाटतं, पण खरी गंमत या वळशात आहे. मधला तारा इंधनाच्या टप्प्यात असायला हवा. तिथे अंतराळी राक्षस पहाऱ्याला असेल, तर सुरुवातीची हलकी जहाजं तिथे थांबू शकत नाहीत. शिवाय हायपरस्पेस कम्युनिकेशन्सचा शोध लागेपर्यंत निघालेल्या जहाजाला वाटेत नवा हुकूम देता येत नाही, म्हणजे वळशाचा निर्णय निघण्यापूर्वीच पक्का हवा.

त्यामुळे एकाच कृष्णविवरापायी नकाशावर जवळ दिसणारा शेजारी प्रत्यक्षात लांबचा होतो. सुरुवातीच्या काळात हे वरदान ठरतं. त्या बाजूला संरक्षण कमी ठेवून सगळं उत्पादन वसाहती वाढवण्यात घालता येतं. पुढे चढाई करायची वेळ आली की तीच आडकाठी तुमच्या ताफ्याला नडते. यातून सुटायचा एक मार्ग गेमनेच ठेवला आहे. नेव्हिगेटर हे कौशल्य असलेला अधिकारी ताफ्यात असेल, तर कृष्णविवराची आडकाठी राहत नाही आणि तेजोमेघातही वेग मंदावत नाही. मात्र असे अधिकारी मागून मिळत नाहीत. ते आपणहून नोकरी मागायला येतात, तेव्हा तिजोरीत पैसे असले तर ठेवून घ्यायचे. लढाईत फारशी चमक नसलेल्या त्या अधिकाऱ्याला एका विशिष्ट नकाशावर सोन्याचं मोल येतं, आणि माझ्या मते हा या गेममधला सर्वांत सुंदर योग आहे. शत्रू ज्या दिशेकडे पाठ करून निवांत बसला आहे, नेमक्या त्याच दिशेने तुम्ही उतरता.

‘स्पेस एम्पायर्स ४’मध्ये जहाजं वॉर्प पॉइंटमधून एका तारामंडळातून दुसऱ्यात जातात आणि मंडळाच्या आत चौकटी-चौकटींनी सरकतात. कृष्णविवराच्या मंडळात शिरलेलं जहाज केंद्राकडे ओढलं जातं आणि केंद्रापर्यंत पोचलं की संपतं. ठणठणीत इंजिनाचं, पुरेसा वेग असलेलं जहाज या वॉर्प पॉइंटपासून त्या वॉर्प पॉइंटपर्यंत निघून जातं. प्रश्न येतो तो लढाईत इंजिनं गमावलेल्या जहाजाचा, किंवा रसद संपलेल्या जहाजाचा. या गेममध्ये रसद संपली की जहाज जेमतेम रांगतं. अशा अवस्थेत या मंडळात अडकलेलं जहाज हातचं गेलंच म्हणायचं. म्हणून लांबच्या मोहिमेवर निघताना रसद मोजणं, रसदवाहू जहाज सोबत नेणं, परतीची वाट आधी ठरवणं ही सगळी कामं इथे गरजेची होतात. नौवहनाचा धोका या शब्दांना पुरेपूर जागणारा गेम तिन्हींत हाच आहे. पण तो रुक्ष आहे. तक्ते, याद्या, जहाजाचा एकेक भाग निवडून केलेली बांधणी यातच तास जातात. ज्यांना हे आवडतं त्यांना दुसरं काही लागत नाही, आणि ज्यांना आवडत नाही ते पहिल्या संध्याकाळीच कंटाळतात.

आता ‘स्टेलारिस’. मे २०१६ मध्ये तो आला, तेव्हा प्रकाशापेक्षा वेगाने जाण्याच्या तीन पद्धती होत्या आणि खेळाडूने त्यातली एक सुरुवातीलाच निवडायची होती. २२ फेब्रुवारी २०१८ च्या २.० आवृत्तीने हे बदलून सगळ्यांना हायपरलेनवर, म्हणजे ताऱ्यांना जोडणाऱ्या ठरलेल्या रस्त्यांवर आणलं. तेव्हापासून नकाशाला भूगोल आला: खिंडी, नाकी, आडवाटा. त्याच आवृत्तीत ताऱ्यांच्या प्रकारांनाही गुण चिकटले. पल्सारजवळ ढाली निकामी होतात, न्यूट्रॉन ताऱ्याजवळ जहाजं संथ चालतात. कृष्णविवराजवळ ताफ्याला लढाई सोडून तातडीची उडी मारायला जास्त वेळ लागतो आणि मार खाल्लेल्या एकेकट्या जहाजाची निसटण्याची शक्यता घटते.

बारकाईने पाहा: नुसत्या प्रवासाला इथे कृष्णविवराचा काहीच त्रास नाही. शांततेच्या काळात दिवसाला दहा ताफे त्यातून जाऊ द्या, ओरखडाही उठणार नाही. धोका लढाई जुंपल्यावर सुरू होतो. एरवी ‘स्टेलारिस’मध्ये हरलेला ताफा पूर्ण संपत नाही. अर्धीअधिक जहाजं निसटतात, डागडुजी होऊन पुन्हा उभी राहतात. कृष्णविवरापाशी हरलेला ताफा मात्र पुष्कळदा तिथेच संपतो, आणि एका लढाईत अख्ख्या युद्धाचा निकाल लागू शकतो. म्हणून सीमेवर, खिंडीच्या जागी कृष्णविवर आलं तर तिथे भक्कम स्टारबेस (अंतराळातला तळ) बांधून त्यावर एफटीएल इन्हिबिटर, म्हणजे पुढच्या मंडळात जाणारी उडी रोखणारी यंत्रणा, बसवावा. शत्रूला तो पाडल्याशिवाय पुढे जाता येत नाही आणि पाडता आला नाही तर धड माघारही घेता येत नाही. हा नियम दोन्ही बाजूंना सारखा लागू आहे, हे मात्र विसरू नका. आपला ताफा कमजोर असेल तर अशा जागी लढाई टाळणंच शहाणपणाचं, भले सीमा दोन मंडळं मागे घ्यावी लागो.

‘स्टेलारिस’मध्ये आणखी एक पदर आहे, जो बाकी दोघांत नाही. इथे कृष्णविवर हवंहवंसं वाटतं. डार्क मॅटर हे दुर्मिळ संसाधन त्याच्या आसपास सापडतं आणि ‘मेगाकॉर्प’ हा डीएलसी (मूळ गेमला जोडायचा, वेगळा विकत घ्यायचा भाग) असेल, तर त्याच्याभोवती मॅटर डिकम्प्रेसर उभारून खनिजांचा ओघ सुरू करता येतो. एखाद्या कृष्णविवरापाशी डायमेन्शनल हॉररसारखा अजस्र प्राणी बसलेला असतो, तो भाग वेगळा. धोका आणि लोभ एकाच जागी आले की निर्णय अवघड होतो, आणि स्ट्रॅटेजी गेमकडून मला तरी हेच हवं असतं.

विज्ञान म्हणून पाहिलं तर तिघांपैकी कुणीच खरं नाही. दहा सूर्यांच्या वस्तुमानाच्या कृष्णविवराच्या घटनाक्षितिजाची (ज्याच्या आतून प्रकाशही बाहेर पडत नाही त्या सीमेची) त्रिज्या जेमतेम ३० किलोमीटर. एक पार्सेक म्हणजे सुमारे ३१ लाख कोटी किलोमीटर. तेव्हा ‘ओरायन’मधली आडकाठी नकाशाच्या मापात दिसायलाही नको. लांबून कृष्णविवराची ओढ तितक्याच वस्तुमानाच्या ताऱ्याइतकीच असते. २०२२ मध्ये शोध लागलेलं गाया बीएच१ हे कृष्णविवर आपल्यापासून साधारण १,५६० प्रकाशवर्षांवर आहे, आणि सूर्यासारखा एक तारा त्याच्याभोवती सुमारे १८६ दिवसांत एक फेरी घालतो. तो काही गिळला गेलेला नाही. ‘स्पेस एम्पायर्स’ची ओढ निदान जवळ गेल्यावरच्या सत्याशी नातं सांगते, ‘स्टेलारिस’चा नियम तर काल्पनिक उडीवरच बेतलेला आहे. यावरून गेम निवडू नये असं मला वाटतं. नियम एकदा ठरवून गेम तो शेवटपर्यंत पाळतो का, हे जास्त महत्त्वाचं, आणि तिथे तिन्ही पास होतात.

खर्चाचं आणि वेळेचं थोडक्यात. ‘ओरायन २’ आणि ‘स्पेस एम्पायर्स ४’ जुन्या लॅपटॉपवरही चालतात. ‘स्टेलारिस’ला बऱ्यापैकी संगणक हवा, गेमच्या उत्तरार्धात तो मंदावतो आणि डीएलसींची यादी खिशाला लागते. सेलमध्ये आधी मूळ गेम घ्या. कृष्णविवरापाशी लढण्याचा नियम त्यातच आहे, त्यासाठी डीएलसी लागत नाही.

नकाशा समोर ठेवून चार चाली पुढचा विचार करण्यात आनंद असेल तर ‘ओरायन २’ घ्या, आणि टर्नवर चालणारे गेम नवे असतील तरीही हाच. रसद, इंजिनं, परतीचा हिशेब यात रमणाऱ्यांनी ‘स्पेस एम्पायर्स ४’कडे वळावं. मित्रांबरोबर ऑनलाइन खेळणार असाल तर मात्र ‘स्टेलारिस’च. समोर माणूस असेल तर त्याला कृष्णविवरापर्यंत ओढून आणण्यासाठी खोटी माघार घ्यावी लागते, सीमेवरचा एखादा ग्रह मुद्दाम उघडा ठेवावा लागतो, आणि तो फसेल की नाही हे त्याचा ताफा त्या मंडळात शिरेपर्यंत कळत नाही.